म्हसोबा वस्तीची मोजणी

माझ्या नोकरीत मला सगळ्यात जास्त त्रास माणसांनी नाही, देवांनी दिला. परभणी जिल्ह्यात मोजणीदार म्हणून उन्हातान्हात जन्म काढलेल्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल.

मोजणीदाराचं काम ऐकायला सोपं. शेताची किंवा गावाची हद्द कागदावर जिथे आहे, ती जमिनीवर नेऊन दाखवायची, चुन्याची फक्की टाकायची, चहा प्यायचा आणि लगतच्या शेतकऱ्यांनी एकमेकांची गचांडी धरायच्या आत गाडीला किक मारायची. मी लागलो तेव्हा साखळी ओढत होतो. पुढे तिपाईवरचं यंत्र आलं. निवृत्त झालो तेव्हा हातात थेट उपग्रहाशी बोलणारी काठी होती. पण यंत्र कितीही शहाणं असो, त्याला सुरुवात करायला जमिनीवरची एखादी जुनी, न हललेली खूण लागते. जुनी विहीर, नाहीतर शिवेचा दगड.

आणि इथेच देव आडवे येतात. निजामाच्या राज्यात गावांच्या शिवेवर घडीव दगड रोवले होते. माळावर एकटा उभा दगड दिसला की आपल्याकडच्या बायकांना त्याच्या समोरून रिकाम्या हाताने जाववत नाही. पहिली पिढी हळदकुंकू वाहते, दुसरी शेंदूर लावते, तिसरी वर पत्रे टाकते. चौथ्या पिढीत भंडारा सुरू होतो आणि पंगतीला मलाच बोलावतात. जेवून उठल्यावर यजमान हळूच विचारतात, "सायेब, आमची शीव कुठून जाती हो?" मी म्हणतो, "तुम्ही आत्ता ज्याला नारळ फोडलात, त्याच्यावरून."

माणसांचे नमुनेही पुष्कळ भेटले. झरीकडे दोन भावांनी एका बांधासाठी बोलणं सोडलं होतं. मोजणीत बांध जिथे होता तिथेच निघाला. दोघेही माझ्यावर सारखेच चिडले आणि मला शिव्या देण्याच्या नादात एकमेकांशी बोलायला लागले. पिंगळीच्या बाजूला एक आजोबा मी यंत्र लावलं की समोर छत्री उघडून उभे राहत. "त्येची नजर लागती माझ्या पिकाला," म्हणत. त्यांची समजूत घालण्यात सकाळ जायची. तर सांगायचं हे, की मोजणीला आलेला माणूस थोडंफार खोटं बोलणार हे आम्ही धरूनच चालतो. वीतभर जमिनीसाठी सख्ख्या आईची शपथ घेणारे मी पाहिलेत. पण स्वतःचं घर जाईल असं खोटं बोलणारी माणसं मला सगळ्या नोकरीत एकदाच भेटली, निवृत्तीला थोडे दिवस राहिले असताना.

गंगाखेडहून राणीसावरगावच्या अंगाला निघालं की काळी जमीन संपते आणि बरड, मुरमाड माळ लागतो. त्या उतारावर दोन गावं आहेत. त्यांची खरी नावं मी लिहीत नाही. वरचं ते वरगाव आणि खालचं ते खालगाव म्हणू. दोन्हींच्या मध्ये, दोन्हींपासून सारखीच लांब, म्हसोबा वस्ती आहे.

वस्ती म्हणजे गाव नव्हे. तिला ग्रामपंचायत नाही, तलाठी नाही, नकाशावर नाव नाही. वरगावच्या काही कुटुंबांची शेतं गावापासून फार लांब पडायची. रोजची पायपीट नको म्हणून त्यांच्या आज्या-पणज्यांनी शेताच्या टोकाला छपरं टाकली. छपरांची पत्र्याची घरं झाली, काही सिमेंटची झाली, पण गाव झालं नाही. मतदान वरगावला, शाळा खालगावला. रेशन वर, दळण खाली. लग्नपत्रिकेत वरगाव छापायचं आणि पाहुण्यांनी मांडव कुठे विचारलं तर "म्हसोबापाशी" म्हणायचं. अर्धं वर्ष वस्ती भरलेली असते आणि अर्धं वर्ष कुलपात. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या ट्रॅक्टरमध्ये बसून निघतात, त्या उन्हाळा लागल्यावरच परततात. मागे म्हातारी माणसं, शाळेतली काही लेकरं आणि शेळ्या राहतात. म्हसोबा वस्तीच्या तोंडाशीच आहे. वरगावकडून वाट उतरते तिथे लिंबाखाली शेंदराने माखलेला कमरेएवढा दगड दिसतो, आणि त्याच्या खालच्या अंगाला सगळी घरं.

वस्तीच्या खालच्या बाजूने खालगावचं गायरान लागतं. गायरान म्हणजे गुरं चारायची सरकारी जमीन. त्या वर्षी गायरानातली अतिक्रमणं काढायचा हुकूम वरून आला आणि कुणीतरी अर्ज केला की ही वस्तीच गायरानात आहे. घरांवर नोटिसा लागल्या. खालगावच्या पंचायतीने मोजणी मागितली. सरपंच बाबाराव मला घ्यायला फाट्यावर आले होते. जाडजूड, घामाघूम, सारखा उपरण्याने मान पुसणारा माणूस.

"सायेब, त्येंची घरं पाडून मला काय खळं करायचंय का?" ते म्हणाले. "माझी सख्खी पुतनी दिलीया त्या वस्तीत. पन वरून इचारना हाय. गायरान कुठवर हाय तेवढं दावा, म्या मोकळा."

प्रश्न खरंच एवढाच होता. वरगाव आणि खालगावची शीव त्या म्हसोबाच्या दगडावरून जाते, हे दोन्ही गावांना मान्य होतं. शीव घरांच्या खालून गेली तर घरं वरगावच्या हद्दीत, लोकांच्या स्वतःच्या शेतात. घरांच्या वरून गेली तर सगळी वस्ती खालगावच्या गायरानात. आणि म्हसोबा तर घरांच्या वर बसलेला.

मी जुना नकाशा घेऊन वरगावच्या बारवेपासून, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीपासून, मोजायला घेतलं. बारवेच्या हिशोबाने शीव घरांच्या बरीच खाली येत होती. म्हसोबावरून घेतली की घरांच्या वर. दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. बारव आणि देव, दोघांपैकी एकजण हलला होता, आणि बारव काही चालत जात नाही. पण एकट्या बारवेवर मला शीव ठरवता येत नव्हती. बाकीच्या खुणा नांगराखाली कधीच गेलेल्या. उलट दगड जागेवर उभा असेल आणि सगळे जुने लोक 'तो पहिल्यापासून इथेच आहे' म्हणत असतील तर आम्ही दगडाचं ऐकतो. म्हणून मी वस्तीतल्या जुन्या माणसांना लिंबाखाली बोलावलं.

त्यांच्यात सगळ्यात थोरली गयाबाई. ऐंशीच्या घरातली, काटक, कपाळावर मोठं गोंदण. शेजारी तिचा मुलगा मारोती. त्याची टोळी दुसऱ्याच दिवशी निघायची होती.

"मावशी, हा देव आधी कुठे होता?" मी विचारलं.

"हितंच."

"पहिल्यापासून?"

"हितंच परगटला," ती म्हणाली. मागचे दोन-तीन म्हातारे पटापट माना हलवू लागले. एवढ्या घाईने माना हलल्या की मोजणीदाराला वास येतो.

मी त्यांना सरळ सांगितलं. "मावशी, नीट ऐका. देव इथेच होता म्हणालात तर शीव इथून जाते. मग तुमची घरं गायरानात येतात. ती पाडतील."

मारोतीचा चेहरा उतरला. "आई, काय म्हनायलेत सायेब, ऐकायलीस ना?"

"ऐकायले."

"मंग सांग की काय ते खरं."

गयाबाईने पदराचं टोक दातात धरलं. मग ते सोडून म्हणाली, "घर पडलं तर पुन्ना बांधता येतं. देवाचं बोलनं मोडलं तर काय बांधशील रं?" आणि ती उठून गेली. दुसऱ्या म्हाताऱ्यांनीही तेच सांगितलं, तेवढ्याच शब्दांत. मी सगळ्यांचे जबाब लिहिले, अंगठे घेतले.

घरी आलो तेव्हा माझं डोकं तापलेलं होतं. म्हातारीचा राग आला होता, आणि भीतीही वाटत होती. उद्या मी घरांच्या वरून चुना टाकणार. उद्याच ट्रॅक्टर भरून टोळी निघणार. म्हणजे पाडायला येतील तेव्हा बहुतेक दारं कुलपात. माणसं कुठल्यातरी साखर कारखान्याच्या फडात, उसाचं पाचट पांघरून झोपलेली. परत येतील तेव्हा घराच्या जागी माती. बायकोने जेवायला वाढलं तर मी विनाकारण तिच्यावरच खेकसलो. ती म्हणाली, "देवावर चिडायचं तर देवावर चिडा, भाकरीवर का?"

सकाळी मी मुद्दाम लवकर गेलो. वस्तीत धावपळ उडाली होती. ट्रॉलीत पत्रे, भांडी, वाकळा, पाण्याचे ड्रम चढत होते. कोंबड्या पाट्यांखाली झाकल्या होत्या. बाबाराव आले होते, पण घरांपासून लांब, बांधावर बसले होते. त्यांची पुतणी शेवंता म्हणजे गयाबाईचीच सून, मारोतीची बायको. नोटीस लागल्यापासून ती माहेरी गेली नव्हती. आत्ताही ती काकांच्या समोरून दोनदा गेली, पण मान वर केली नाही. बाबाराव नुसतेच उपरण्याने मान पुसत होते.

निघण्याआधी टोळीच्या बायका म्हसोबाला नैवेद्य दाखवतात. भाकरी, दहीभात, वर कांद्याची फोड. मी चुन्याची पिशवी घेऊन बाजूला थांबलो, म्हटलं होऊन जाऊ द्या. प्रत्येक बाई देवापुढे पान ठेवी, पाणी फिरवी, पाया पडे. आणि मग, हे मी आधी नुसतं पाहत होतो, मग नीट पाहायला लागलो, प्रत्येक बाई दुसरं पान घेऊन घरांच्या मधून उतरत खाली जाई. घरं मागे टाकून, शेवटच्या बांधाच्याही पलीकडे. तिथे काही नव्हतं. ना दगड, ना झाड, उघडा मुरूम. तिथे पान ठेवून, पाणी फिरवून, पाया पडून परत येत होत्या.

मी शेवंताला गाठलं. "ताई, हे दुसरं पान कुणाचं?"

"काय म्हाईत," ती म्हणाली. "सासूबाई ठिवत्यात, म्हून आमी ठिवतो."

"पण कोणत्या देवाला?"

"देवाला न्हाई. जाग्याला."

मी बारवेची मापं मनात धरली आणि त्या जागेकडे पाहिलं. बारव आदल्या दिवसापासून घसा फोडून जी जागा सांगत होती, ती अगदी तीच होती.

गयाबाई शेवटचं पान घेऊन येत होती. मला तिथे उभा पाहून ती थबकली.

"सायेब, मला काय इचारू नका," ती आधीच म्हणाली. "म्या काय बोलले न्हाई."

"मी विचारत नाही मावशी. फक्त एवढंच सांगा, इथे खणू का?"

लोक जमा झाले. ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं. मग तिने पान खाली ठेवलं, पाणी फिरवलं, पाया पडली, आणि वाकलेलीच असताना म्हणाली, "निवद उचलल्याबिगर खनू नका."

इथे वाचकांना आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. जुन्या काळी शिवेचा दगड रोवताना खड्ड्यात आधी कोळसा आणि फुटक्या खापऱ्या पुरत. दगड पडेल, चोरीला जाईल, पण कोळसा मातीत कुजत नाही. काळ्या जमिनीत तो सापडणं कठीण. तिथे मात्र तांबूस मुरूम होता.

नैवेद्याची पानं शेवंताने उचलली. मारोतीने टिकाव घेतला. मी त्याला हळू मार म्हणत होतो आणि तो घाव घालत होता. गुडघाभर खोल गेल्यावर मुरमाचा रंग बदलला. मी खड्ड्यात उतरलो आणि हाताने माती सारली. बोटं काळी झाली. कोळसा होता. त्याच्याखाली खापऱ्या, एकीवर एक, कुणीतरी हाताने रचलेल्या. पुन्हा यंत्र लावलं. बारव, कोळसा आणि जुना नकाशा, तिघांचं म्हणणं एक झालं.

"शीव इथून जाते," मी म्हणालो. "वस्ती वरगावची. तुमच्या स्वतःच्या शेतात."

असं वाटलं होतं की आरडाओरडा होईल. तसं झालं नाही. एक माणूस ट्रॉलीच्या चाकाला टेकून मटकन खाली बसला. बायका एकमेकींकडे पाहून हसायला लागल्या आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. माझाही जीव भांड्यात पडला, इतका की मला खड्ड्यातून वर यायला बाबारावांचा हात धरावा लागला.

"सुटलो बगा," बाबाराव म्हणाले. "आता खुशाल वर कळवितो, गायरानात कोनबी न्हाई." मग घसा खाकरून ते शेवंताकडे वळले. "काय गं, काकाला चा न्हाई का?"

"चूल मोडली, सामान भरलं," शेवंता फणकाऱ्याने म्हणाली. पण तिने ट्रॉलीतून पुन्हा पातेलं उतरवलं आणि तीन दगड मांडले.

गयाबाई मात्र खड्ड्याच्या काठावर तशीच बसली होती. मी जवळ जाऊन बसलो. आता तिला विचारावं लागलं नाही.

"म्या नवी नवरी होते तवा," ती सांगू लागली. "टोळीत जायाचं ते पयलंच वरीस वस्तीचं. समदे जानार. घराला राखन कोन? म्हातारी मानसंबी त्या साली संगट निघाली. मंग सासरा म्हनला, देवाला दारात आनू. दोन बैल जुपले, हलगी लावली, आन् त्याला हितून उचलून वर लिंबाखाली नेला. सासऱ्यानं समद्यांकून बोल घेतला. देव आपल्या पायानं आला म्हनायचं. आनला म्हनाल त्या दिवशी त्येची राखन उठंल."

"आणि इथे नैवेद्य?"

"सासूनं सुरू केला. ती म्हनली, घर सोडून आलाय त्यो आपल्यासाठी. त्येच्या जुन्या जाग्याला उपाशी ठिवू नये."

ज्या देवाला त्यांनी घरं राखायला आणलं, त्याच्याच जागेपायी घरं जाणार होती. आणि ही बाई आदल्या दिवशी माझ्यासमोर बसून ते सगळं जाणून होती. घर राखणारा निघून जाऊ नये म्हणून ती घरच द्यायला निघाली होती. मला आदल्या संध्याकाळचा माझा राग आठवला आणि हसूही आलं. असा हिशोब फक्त उघड्या माळावर सहा महिने कुलूप लावून जाणारी माणसंच मांडू शकतात. आपण कुलूप लावून लग्नाला गेलो तरी शेजाऱ्याला सांगून जातो. यांना शेजारीच नव्हता. होता तो एक दगड.

"आता राखन उठली असंल का, सायेब?" तिने विचारलं.

मोजणीच्या कुठल्याच नियमात याचं उत्तर नाही. बाबाराव पलीकडून चहा फुंकत म्हणाले, "उठंल कशी विहीनबाई? आज घरं कुनी वाचिवली मंग?" सगळ्यांनी माना हलवल्या, या वेळी घाई न करता. गयाबाईने मान हलवली नाही.

खड्ड्यावर आम्ही नवा दगड रोवला. म्हसोबा लिंबाखाली आहे तिथेच राहिला. मी तसं कागदावर लिहिलं आणि तो कागद पुढे मंजूर झाला. वस्तीला वेगळं गावठाण द्यावं अशी मागणीही लोकांनी मग केली. ती अजून टेबलाटेबलांवरून फिरते आहे, आणि माझ्या हयातीत नकाशावर त्या घरांचं नाव येईल की नाही, मला माहीत नाही. त्याची रुखरुख आहे. पण नोटिसा मागे घेतल्या. त्या दिवशी दुपारी ट्रॅक्टर निघाला तेव्हा ट्रॉलीतली माणसं गाणी म्हणत होती.

पुढे पौषात राणीसावरगावला एक मोजणी होती. ती उरकली आणि मी गाडी वाट वाकडी करून म्हसोबा वस्तीकडे वळवली. काम काही नव्हतं. मंजुरीचा कागद माझ्या कपाटात होता, त्यावर शिक्का होता, तरी कागदाची राखण किती चालते हे मला नोकरीने चांगलं शिकवलं होतं. वाटेवर चिटपाखरू नव्हतं. मी एकेका दारासमोरून चाललो. जवळपास प्रत्येक दाराला कुलूप, प्रत्येक भिंत उभी. शेवटच्या घरापुढे गयाबाई शेळीला पाला टाकत होती.

"काय सायेब, आनिक काय मोजायचं ऱ्हायलंय?"

"काही नाही मावशी. इकडे आलो होतो, म्हटलं सहज."

"सहज!" ती म्हणाली. "कुलपं बघत आलाव, मला दिसत न्हाई व्हय?"

तिने हातातला पाला झटकला आणि माझ्यासाठी ओट्यावर पोतं अंथरलं.

"बसा," ती म्हणाली. "सकाळच्याला म्याबी बघून आले. समदी हायत."